जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचे सीसी वाढवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे मुख्यतः १९५० ते १९८० च्या दशकांतील, हवेवर थंड होणाऱ्या आणि कार्ब्युरेटर असलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनांना लागू पडतात. टू-स्ट्रोकचा एक प्रश्न शेवटाकडे वेगळा घेतला आहे, कारण तिथले गणित निराळे आहे.

सीसी वाढते म्हणजे इंजिनात नेमके काय वाढते?

पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो, तिचे घनफळ वाढते. सिलिंडरच्या व्यासाचा, म्हणजे बोअरचा, वर्ग करावा, त्याला ०.७८५४ ने गुणावे, मग पिस्टनच्या धावेने, म्हणजे स्ट्रोकने, आणि शेवटी सिलिंडरच्या संख्येने गुणावे. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर थेट सीसीमध्ये येते. १९६९ मध्ये आलेल्या होंडा सीबी ७५० चा बोअर ६१ मिमी आणि स्ट्रोक ६३ मिमी आहे. चार सिलिंडर मिळून ७३६ सीसी होतात. त्याच इंजिनात ६५ मिमीचे पिस्टन बसवले की ८३६ सीसी होतात, आणि या गाडीच्या संदर्भात वारंवार ऐकू येणारा '८३६' हा आकडा तिथूनच आलेला आहे. बोअरचा वर्ग होत असल्यामुळे व्यासातले चार मिलिमीटर शंभर सीसी देऊन जातात.

बोअर वाढवावा की स्ट्रोक?

बहुतेकांनी बोअरच वाढवावा. बोअर वाढवताना सिलिंडर, पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट बदलतात. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावेने गोल फिरणारा दंड, सहसा जागचा हलत नाही आणि क्रँककेस, म्हणजे त्याच्याभोवतीची पेटी, उघडण्याची वेळ येईलच असे नाही. स्ट्रोक वाढवायचा असेल तर संपूर्ण इंजिन खोलून क्रँक बाहेर काढावा लागतो. मग एकतर जास्त धावेचा दुसरा क्रँक बसवावा लागतो, किंवा असलेल्या क्रँकची पिन केंद्रापासून सरकवून घासून घ्यावी लागते. पिन जेवढी सरकते त्याच्या दुप्पट स्ट्रोक वाढतो. पण त्यातली निम्मी वाढ पिस्टनला वर ढकलते, त्यामुळे गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेचे) भोक वरच्या बाजूला असलेला पिस्टन, आखूड कनेक्टिंग रॉड किंवा सिलिंडरच्या बुडाशी जाड पट्टी, यांपैकी काहीतरी करावेच लागते. खालच्या टोकाला पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, क्रँकच्या वजनांना घासत नाही ना, हेही पाहावे लागते.

शिवाय स्ट्रोक वाढला की त्याच फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग वाढतो. ७४ मिमी स्ट्रोकच्या यामाहा एक्सएस ६५० मध्ये मिनिटाला ७००० फेऱ्यांना हा वेग सेकंदाला सुमारे १७.३ मीटर असतो. ८९ मिमी स्ट्रोकच्या नॉर्टन कमांडोमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना तो २०.८ मीटरपर्यंत जातो. पन्नास वर्षांपूर्वीच्या धातूकडून यापुढे काही मागणे म्हणजे त्याच्या वयाचा अनादर करणे होय.

ओव्हरसाइझ पिस्टन टाकले तर सीसी वाढतेच ना?

वाढते, पण त्याला सीसी वाढवणे म्हणू नये. झिजलेला सिलिंडर गोल आणि सरळ करून घेण्यासाठी ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीचे ओव्हरसाइझ पिस्टन बनवलेले असतात. वरच्याच होंडाचा बोअर ६१ वरून ६२ मिमी केला तर ७३६ चे सुमारे ७६१ सीसी होतात, म्हणजे साधारण सव्वातीन टक्के वाढ होते. चालवताना एवढा फरक बसणाऱ्याला कळत नाही. कळते ती नव्या रिंगांची घट्ट पकड.

निर्मात्याच्याच मोठ्या इंजिनाचे भाग लहान इंजिनात बसतात का?

अनेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत हाच सर्वांत शहाणा मार्ग असतो, कारण त्या काळी निर्माते एकाच स्ट्रोकवर वेगवेगळे बोअर ठेवून पूर्ण मालिका काढत असत. बीएमडब्ल्यूच्या आडव्या जुळ्या सिलिंडरांच्या गाड्या पाहाव्यात: आर ५०/५, आर ६०/५, आर ७५/५, आर ९०/६ आणि पुढे आर १००, या सर्वांचा स्ट्रोक ७०.६ मिमीच आहे, आणि बोअर मात्र ६७ पासून ९४ मिमीपर्यंत वाढत गेला आहे. कावासाकी झेड १ चा बोअर ६६ आणि स्ट्रोक ६६ मिमी, ९०३ सीसी. १९७७ च्या झेड १००० मध्ये स्ट्रोक तोच ठेवून बोअर ७० मिमी केला गेला आणि क्षमता १०१५ सीसीवर गेली. रॉयल एनफील्ड बुलेटच्या जुन्या लोखंडी इंजिनात ३५० आणि ५०० या दोन्हींचा स्ट्रोक ९० मिमी आहे. बोअर एकात ७०, दुसऱ्यात ८४ मिमी. होंडाच्या छोट्या सी ५० आणि सी ७० मध्येही स्ट्रोक ४१.४ मिमीच राहिला आणि बोअर ३९ वरून ४७ मिमी झाला.

मात्र स्ट्रोक सारखा आहे म्हणून सिलिंडर उचलून बसवता येतो, असा निष्कर्ष काढू नये. स्टडमधले (सिलिंडर धरणाऱ्या आटेदार दांड्यांमधले) अंतर, सिलिंडरच्या खालच्या गळ्याचा बाहेरचा व्यास, सिलिंडरची उंची, गजन पिनचा व्यास, तेलाच्या वाटा आणि टायमिंग चेनची किंवा पुशरॉडची वाट, या सहा गोष्टी जुळल्या तरच पुढे जावे. एकाच मॉडेलच्या लागोपाठच्या वर्षांतही क्रँककेसच्या तोंडाचे माप बदललेले आढळते. म्हणून भाग विकत घेण्याआधी स्वतःच्या इंजिनाची मापे व्हर्निअरने घेऊन लिहून ठेवावीत. नावावर आणि वर्षावर विसंबू नये.

"काही न बदलता थेट बसते" असे सांगितले जाते. ते खरे असते का?

निर्मात्याने स्वतः सीसी वाढवले तेव्हा त्याला काय काय बदलावे लागले, हे पाहणे हे या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. ट्रायम्फने ६४९ सीसीच्या बोनव्हिलचा ७१ मिमी बोअर १९७३ मध्ये टी १४० साठी वाढवला. आधी ७५ मिमी ठेवून ७२४ सीसी आणि लगेच ७६ मिमी करून ७४४ सीसी केले. स्ट्रोक ८२ मिमीच राहिला. पण त्याबरोबर सिलिंडर हेड (सिलिंडरवरचे झाकण) नऊऐवजी दहा ठिकाणी आवळण्याची सोय करावी लागली, कारण दोन मोठ्या भोकांच्या मधली गॅस्केटची पट्टी अरुंद झाली होती आणि तिथे दाब धरून ठेवणे अवघड होते. नॉर्टनने कमांडोचा बोअर ७३ वरून ७७ मिमी करून ७४५ चे ८२८ सीसी केले, तेव्हा सिलिंडर क्रँककेसवर धरण्यासाठी आरपार जाणारे लांब बोल्ट घातले.

ज्यांच्याकडे स्वतःचा कारखाना आणि चाचणीचे बाक होते, त्यांनासुद्धा नुसता सिलिंडर बदलून चालले नाही. मग एखादा किट, म्हणजे मोठ्या सिलिंडर-पिस्टनचा तयार संच, विकणारा तसे म्हणत असेल, तर "ते पिस्टन आणि सिलिंडर बसतात, पण इंजिन टिकेल की नाही ते तुम्ही बघा" असा त्याचा अर्थ लावावा.

क्रँककेसचे तोंड मोठे करून घेणे कितपत सुरक्षित आहे?

काम नीट झाले तर सुरक्षित आहे, पण परत फिरता येत नाही असे हे एकमेव काम आहे. सिलिंडर, पिस्टन, कार्ब्युरेटर, सगळे काढून पुन्हा मूळचे बसवता येते; क्रँककेसमधला कापलेला धातू पुन्हा येत नाही. उभे दोन भाग असलेली क्रँककेस रिकामी करून, दोन्ही भाग एकमेकांना नेहमीच्या दाबाने आवळून मगच यंत्रावर चढवावी लागते, नाहीतर तोंड गोल होत नाही. कापण्याआधी भोकाच्या कडेपासून स्टडच्या आट्यांपर्यंत आणि तेलाच्या वाटेपर्यंत किती धातू उरेल ते मोजावे. स्टडच्या आट्यांभोवतीची भिंत पातळ झाली तर हेड आवळताना स्टड उपटून येतो, आणि तो प्रसंग सहसा गाडी दूर गेल्यावर येतो.

क्रँक आत ठेवून, कापडाचे बोळे कोंबून तोंड कापून देणारेही भेटतात. अॅल्युमिनियमचा एक बारीक कण बेअरिंगमध्ये शिरला तरी पुढचा सगळा खर्च व्यर्थ जातो, त्यामुळे असे काम मुळीच करून घेऊ नये.

लायनर किती पातळ झालेला चालतो?

अॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये ओतीव लोखंडाचा लायनर, म्हणजे आतली नळी, असेल तर त्याची भिंत, विशेषतः क्रँककेसमध्ये उतरणाऱ्या उघड्या गळ्यापाशी, पिस्टनचा बाजूचा धक्का सहन करण्याइतकी जाड राहिली पाहिजे. दोन मिलिमीटरच्या आसपास आलेल्या गळ्यावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा जाड, नवा लायनर बसवून घेणे बरे. आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप दिलेला सिलिंडर मात्र साध्या पद्धतीने बोअर करता येत नाही, कारण लेप निघून जातो. बीएमडब्ल्यूने १९८१ पासून आपल्या हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांत असे सिलिंडर वापरले.

सीसी वाढल्यावर कॉम्प्रेशन रेशो आपोआप वाढतो का?

होय, आणि बहुतेक फसगत इथेच होते. रेशो म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा आणि तो वर असताना उरणारी जागा यांचे गुणोत्तर. पिस्टन वरच्या टोकाला असताना हेडमध्ये उरणारी जागा तेवढीच राहते, पण तिच्यात कोंबला जाणारा वायू वाढतो. होंडा सीबी ७५० चे उदाहरण पुढे नेऊ. एका सिलिंडरचे १८४ सीसी आणि रेशो ९ : १, म्हणजे वर उरणारी जागा १८४ भागिले ८, अर्थात २३ सीसी. आता ६५ मिमी बोअरने सिलिंडर २०९ सीसीचा केला आणि वरची जागा २३ सीसीच ठेवली, तर रेशो १०.१ : १ होतो. पिस्टनच्या डोक्याचा उंचवटा जास्त असेल तर तो याहूनही वर जातो.

कागदावरचा हिशेब पुरेसा नाही, प्रत्यक्ष मोजावे. पिस्टन वरच्या टोकाला आणावा, कडेने थोडे ग्रीस लावून फट बंद करावी, हेडच्या दहनकक्षावर भोक असलेली सपाट काच ठेवून ब्युरेटने पातळ तेल सोडावे आणि किती सीसी मावले ते वाचावे. त्यात गॅस्केटच्या जाडीचे घनफळ धरावे, पिस्टनचे डोके सिलिंडरच्या काठापासून खाली राहत असेल तर तेवढी जागा मिळवावी आणि उंचवटा वर येत असेल तर त्याचे घनफळ वजा करावे. रेशो जास्त निघाला तर बुडाशी जाड गॅस्केट घालणे हा सोपा उपाय वाटतो, पण त्याने पिस्टनच्या काठाची आणि हेडच्या सपाट कडेची जवळीक नाहीशी होते. ही फट साधारण एक मिलिमीटरच्या आत असली तर मिश्रण नीट घुसळले जाते आणि नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून होणाऱ्या ठोक्यांना, आळा बसतो. ती दोन मिलिमीटर झाली तर रेशो कमी असूनही इंजिन ठोकू शकते. त्यामुळे पिस्टनच्या डोक्यावरचा धातू कमी करणे किंवा योग्य आकाराचा पिस्टन निवडणे हाच खरा उपाय ठरतो.

व्हॉल्व्ह पिस्टनला लागेल का, हे कसे तपासावे?

पिस्टनच्या डोक्यावरील व्हॉल्व्हच्या खाचांत मऊ चिकणमाती किंवा प्लॅस्टिसिनची पट्टी ठेवून, हेड जुन्या गॅस्केटवर आवळून, व्हॉल्व्हची फट बरोबर लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावे. मग हेड उचलून मातीचा सर्वांत पातळ भाग मोजावा. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला किमान दीड आणि बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला किमान दोन मिलिमीटर जागा असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. खाचेच्या कडेलाही व्हॉल्व्हच्या काठाला जागा हवी. वरून सुटतो पण कडेला घासतो, अशी अवस्था मोठ्या बोअरच्या पिस्टनमध्ये हमखास सापडते. एकदा ही तपासणी उद्यावर टाकून मी किक मारली होती आणि वाकलेल्या व्हॉल्व्हने दोन आठवडे घेतले, म्हणून हा परिच्छेद थोडा आग्रहाने लिहिला आहे.

रिंगांची आणि पिस्टनची फट किती ठेवावी?

ओतीव रिंगांच्या टोकांतली फट रस्त्यावर चालवायच्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी बोअरच्या दर २५ मिमीमागे सुमारे ०.१ मिमी धरतात. म्हणजे ७६ मिमीच्या बोअरला ०.३० मिमी. फट कमी पडली तर गरम झाल्यावर रिंगांची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कडा फुटते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातल्या फटीसाठी मात्र पिस्टन बनवणाऱ्याचाच आकडा पाळावा. घडीव पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा गरम झाल्यावर सहसा जास्त फुगतो, म्हणून त्याला जास्त फट लागते आणि थंडीत सुरू करताना तो थोडा खडखडतो. ही खडखड ऐकून फट कमी करून घेणाऱ्यांचे पिस्टन जॅम झालेले आहेत. सिलिंडर बोअर करायला देताना पिस्टन सोबत द्यावेत आणि कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा, याच्या खुणा करून घ्याव्यात.

कार्ब्युरेटर आणि इग्निशनमध्ये काय बदल करावे लागतात?

मोठा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) लागणारच, हा समज अर्धाच खरा आहे. त्याच कार्ब्युरेटरच्या गळ्यातून मोठे इंजिन अधिक जोराने हवा ओढते, त्यामुळे जेटमधून पेट्रोलही आपोआप जास्त येते. अनेकदा एक-दोन पायऱ्यांचा फरकच पुरतो. तरीही सुरुवात थोड्या जास्त पेट्रोलने करावी आणि प्लगचा रंग बघत खाली यावे. कमी पेट्रोलने सुरुवात करून वर जाण्याची किंमत पिस्टनला मोजावी लागते. इग्निशन टायमिंगही पहिल्या दिवशी मूळच्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी मागे ठेवावे. रेशो वाढला असेल आणि ज्योतीला मोठ्या बोअरमध्ये जास्त अंतर कापायचे असेल, तर नॉकिंगची शक्यता दुहेरी असते.

कंपने वाढतील का?

पिस्टनचे वजन बदलले तर बदलतील, आणि ती कशी बदलतील हे आधी सांगणे कठीण आहे. क्रँकवरची वजने पिस्टनच्या वजनाचा ठरावीक भाग तोलण्यासाठी बनवलेली असतात. मोठा पिस्टन जड असेल तर तो हिशेब मोडतो. म्हणून पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि क्लिपा यांचे एकत्रित वजन जुन्या संचाशी ताडून पाहावे. नवा संच जवळपास तेवढ्याच वजनाचा असेल तर क्रँकला हात लावू नये. फरक मोठा असेल तर क्रँक पुन्हा तोलून घ्यावा. एकापेक्षा जास्त सिलिंडर असल्यास सर्व पिस्टन आपापसांत सारख्या वजनाचे करून घ्यावेत.

वजनापेक्षाही गंभीर बाब म्हणजे दाब. पिस्टनवरचा जोर त्याच्या क्षेत्रफळाइतका वाढतो, आणि ७० वरून ८४ मिमीवर जाताना क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते. तो सगळा जोर त्याच रॉडवर, त्याच बेअरिंगवर आणि त्याच क्रँकपिनवर येतो. खालचे बेअरिंग आधीच थकलेले असेल तर वरचे काम हाती घेऊ नये.

क्लच आणि गिअर तग धरतील का?

गिअरबॉक्स सहसा धरतो, क्लच आधी हार मानतो. नव्या प्लेट आणि थोड्या कडक स्प्रिंग यांनी बहुतेक वेळा भागते. पुढच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवला तर वाढलेला टॉर्क आरामात वापरता येतो आणि फेऱ्याही कमी राहतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचे खरे सुख तिथेच आहे.

ताकद किती वाढेल?

टॉर्क ढोबळमानाने सीसीच्या प्रमाणात वाढतो. ७३६ वरून ८३६ वर गेल्यास तेरा-चौदा टक्के. कमाल अश्वशक्ती मात्र तेवढी वाढत नाही, कारण व्हॉल्व्ह, पोर्ट (वायूच्या वाटा) आणि कार्ब्युरेटर जुन्याच मापाचे असतात आणि वरच्या फेऱ्यांना इंजिनाला श्वास पुरत नाही. त्यामुळे ताकदीचा कळस थोड्या कमी फेऱ्यांवर येतो. गाडी जास्त वेगाने धावेल, या अपेक्षेने काम करणाऱ्याची निराशा होते. चढावर गिअर कमी बदलावा लागेल, या अपेक्षेने करणाऱ्याची होत नाही.

इंजिन जास्त गरम होईल का?

पूर्ण ताकद वापरली तर होईल, कारण जास्त पेट्रोल जळते आणि सिलिंडरचे पंख तेवढेच राहतात. तेलाचे तापमान दाखवणारे साधे मीटर बसवावे. दोन्ही पिस्टन एकदम खालीवर जाणाऱ्या ट्रायम्फ किंवा एक्सएस ६५० सारख्या इंजिनांत, आणि एका सिलिंडरच्या गाड्यांतही, मोठे पिस्टन क्रँककेसमधली हवा जास्त जोराने ढकलतात. ती हवा बाहेर सोडणारी मूळची ब्रीदर नळी अपुरी पडली तर सगळ्या जोडांतून तेल झिरपू लागते. नव्या गॅस्केटला दोष देण्याआधी ही नळी पाहावी.

टू-स्ट्रोकमध्ये हेच नियम लागू होतात का?

थोडेच. यामाहा आरडी ३५० आणि आरडी ४०० या दोन्हींचा बोअर ६४ मिमी आहे; फरक फक्त स्ट्रोकचा, ५४ आणि ६२ मिमी. फोर-स्ट्रोकमध्ये याचा अर्थ "क्रँक बदला" एवढाच झाला असता. टू-स्ट्रोकमध्ये मात्र सिलिंडरच्या भिंतीतली पोर्ट कधी उघडतात हे पिस्टनच ठरवतो, त्यामुळे स्ट्रोक बदलला किंवा सिलिंडर उचलला की पोर्टचे सगळे टायमिंग बदलते. बोअर वाढवतानाही पोर्टच्या कडा पुन्हा गोल घासून घ्याव्या लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. ज्याला पोर्टचा नकाशा काढता येतो त्यानेच यात हात घालावा.

कागदपत्रांचे काय?

इंजिनाची क्षमता ही अनेक देशांत वाहनाच्या नोंदणीत आणि विम्यात लिहिलेली असते. बदल करण्याआधी आपल्या ठिकाणचा नियम लेखी विचारून घ्यावा, कारण अपघातानंतर विमा कंपनी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारू शकते.

नवे इंजिन पहिल्यांदा कसे चालवावे?

तेल भरून, प्लग काढून, हाताने फिरवून तेल वरपर्यंत पोहोचल्याची खात्री करावी. सुरू झाल्यावर एकाच जागी बराच वेळ तसेच चालू ठेवू नये. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो आणि रिंगांना भार लागतो. थोडे अंतर, कमीजास्त थ्रॉटल, मग पूर्ण थंड होऊ देणे, असे काही वेळा करावे. पहिल्या फेरीनंतर, इंजिन थंड असताना, हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळून व्हॉल्व्हची फट तपासावी. पहिले तेल लवकर बदलावे आणि ते पांढऱ्या भांड्यात ओतून पाहावे.

मूळचे भाग विकून टाकावेत का?

नाही. सिलिंडर, पिस्टन आणि हेड तेल लावून, कागदात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावेत. सिलिंडर उभा ठेवावा, आडवा नको. प्रत्येक भागावर माप आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी, आणि काढलेले नट, वॉशर व स्टडही त्याच पेटीत घालावेत.